चेतापेशीपासून वर्तनापर्यंत

मेंदूविषयीच्या कुतूहलाने न्यूरोबायोलॉजी, अर्थात चेताजीवशास्त्र, हा विषय पदवीसाठी निवडणाऱ्या विद्यार्थ्याच्या मनात बहुधा मोठे प्रश्न असतात: आठवण कशी साठते, भीती कशी निर्माण होते, झोप का लागते, एखादी सवय सुटता सुटत का नाही. प्रत्यक्षात पहिल्या दोन वर्षांत त्याच्या वाट्याला प्रामुख्याने रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र, कॅल्क्युलस आणि संख्याशास्त्र येते, आणि मेंदूचा उल्लेख त्या तासांना क्वचितच होतो. या अनुभवाने अनेकांचा हिरमोड होतो आणि काही जण विषय बदलून मोकळे होतात. तरीही या पदवीचे बलस्थान तिच्या या क्रमातच आहे, कारण सोडियमच्या आयनापासून निघून पक्ष्याच्या गाण्यापर्यंत, मधली एकही पायरी न गाळता, कसे पोहोचावे हे शिकवणारे शिक्षण पदवीच्या पातळीवर फार थोड्या विषयांत मिळते.

चेताजीवशास्त्र म्हणजे चेतासंस्थेचा, तिच्या पेशींचा आणि त्या पेशींच्या परस्पर जोडण्यांचा जीवशास्त्राच्या अंगाने केलेला अभ्यास. मेंदू व चेतांच्या विकारांवर उपचार करणारी न्यूरॉलॉजी ही वैद्यकाची शाखा आहे, तर मानसशास्त्र वर्तनाच्या आणि अनुभवाच्या बाजूने मनाकडे जाते. न्यूरोसायन्स हे नाव या सर्वांना, शिवाय संगणकीय प्रतिकृती मांडणाऱ्यांनाही, कवेत घेते आणि म्हणून अनेक विद्यापीठांनी आता पदवीलाही तेच नाव दिले आहे. विषय जुना असला तरी त्याला स्वतःचे घर फार उशिरा मिळाले. प्रत्येक चेतापेशी ही सुटी, स्वतंत्र पेशी असते हे स्पेनच्या सांतियागो रामोन ई काहाल याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सूक्ष्मदर्शकाखाली दाखवून दिले. ज्याच्या रंजनपद्धतीमुळे त्या पेशी दिसू शकल्या त्या इटलीच्या कामिलो गोल्जी याला आणि काहालला १९०६ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले, आणि तरीही गोल्जीने पेशी सुट्या असल्याचे मत कधी स्वीकारले नाही. त्यानंतर अर्धशतकाहून अधिक काळ या विषयाचे संशोधक शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र, औषधशास्त्र आणि मानसशास्त्र अशा निरनिराळ्या विभागांत विखुरलेले होते. १९६६ मध्ये स्टीफन कफलर याच्या पुढाकाराने हार्वर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयात चेताजीवशास्त्राचा स्वतंत्र विभाग उभा राहिला, १९६९ मध्ये अमेरिकेत सोसायटी फॉर न्यूरोसायन्स ही संस्था स्थापन झाली, आणि पदवीच्या पातळीवर हा विषय आणणाऱ्या पहिल्या संस्थांपैकी ॲमहर्स्ट कॉलेजने १९७३ मध्ये आपला अभ्यासक्रम सुरू केला. म्हणजे भौतिकशास्त्र किंवा रसायनशास्त्र यांच्या पदव्यांच्या मानाने ही पदवी अगदी अलीकडची आहे.

अमेरिकी विद्यापीठांत विद्यार्थी ज्या एका विषयात मुख्य अभ्यास करतो त्याला मेजर म्हणतात, आणि या मेजरचे एक बोलके उदाहरण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील परिसरात सापडते. तेथील पदवीचे नावच ‘न्यूरोबायोलॉजी, फिजिऑलॉजी अँड बिहेवियर’ असे तिहेरी आहे: चेतापेशींचे शास्त्र, शरीरातील अवयवांच्या कार्याचे शास्त्र आणि प्राण्यांच्या वर्तनाचे शास्त्र. डेव्हिसची सुरुवात विसाव्या शतकाच्या आरंभी विद्यापीठाची शेती म्हणून झाली, १९४८ मध्ये तेथे पशुवैद्यकाचे विद्यालय सुरू झाले आणि १९५९ मध्ये त्या परिसराला सर्व विद्याशाखांचे स्वरूप मिळाले. प्राणी हा तेथल्या विद्येच्या केंद्रस्थानी पहिल्यापासून होता, त्यामुळे चेतासंस्था शरीरापासून आणि शरीर त्याच्या वागण्यापासून तोडून शिकवायचे नाही ही भूमिका तेथे स्वाभाविक वाटते. वर्षाचे शिक्षण सुमारे दहा आठवड्यांच्या तीन सत्रांत विभागलेले असते. पहिल्या दोन वर्षांत सामान्य व सेंद्रिय रसायन, भौतिकशास्त्र, जीवशास्त्रीय उदाहरणांतून शिकवले जाणारे कॅल्क्युलस, संख्याशास्त्र आणि जीवशास्त्राची मूलतत्त्वे पूर्ण करावी लागतात, आणि त्यानंतर अनुवंशशास्त्र, जीवरसायन व पेशीशास्त्र यांना जोडूनच नावातले ते तीन विषय येतात. दहा आठवड्यांचे सत्र भराभर संपते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातच पहिली परीक्षा येऊन ठेपते, आणि मागे पडलेल्याला पुढच्यांना गाठण्यासाठी उसंत मिळत नाही.

रसायन आणि भौतिकी एवढे का, याचे उत्तर चेताजीवशास्त्राच्या पहिल्याच प्रकरणात मिळते. प्रत्येक चेतापेशीच्या पातळ आवरणाच्या आतल्या आणि बाहेरच्या बाजूंत विद्युतदाबाचा फरक असतो. पेशी स्वस्थ असताना आतली बाजू बाहेरच्या तुलनेत साधारण ६० ते ७० मिलिव्होल्टने ऋण असते. हा फरक कुठून येतो? पेशीच्या आत पोटॅशियमचे आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, विपुल असतात आणि बाहेर सोडियमचे. स्वस्थ पेशीच्या आवरणातून पोटॅशियमला बरीच वाट मोकळी असते, त्यामुळे तो बाहेर झिरपू लागतो, पण प्रत्येक आयन आपला धन भार घेऊन बाहेर जात असल्याने आतली बाजू ऋण होत जाते आणि हेच ऋणत्व उरलेल्या आयनांना मागे खेचू लागते. हे दोन ओढे कोणत्या विद्युतदाबाला तुल्यबळ होतात ते वाल्टर नेर्न्स्ट या जर्मन रसायनशास्त्रज्ञाच्या समीकरणाने काढता येते. स्क्विड या समुद्री प्राण्याच्या चेतापेशीत पोटॅशियमचे प्रमाण आत सुमारे ४०० आणि बाहेर सुमारे २० एकक असते. ते आकडे समीकरणात घातले की उत्तर उणे ७५ मिलिव्होल्टच्या आसपास येते. प्रत्यक्ष मोजलेला दाब मात्र उणे ६०-६५ भरतो, आणि ही दहा-पंधरा मिलिव्होल्टची तूट म्हणजे चुकलेले गणित नव्हे, तर थोडासा सोडियम सतत आत झिरपत असल्याचा पुरावा आहे, हे विद्यार्थ्याच्या लक्षात येते तेव्हा त्याला पहिल्यांदा जाणवते की आकड्याला प्रश्न विचारता येतो.

यानंतरचा भाग विसाव्या शतकातल्या विज्ञानाचे एक शिखर आहे आणि कोणताही चांगला अभ्यासक्रम तेथे घाई करत नाही. ॲलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सली या इंग्रज संशोधकांनी स्क्विडचा अजस्र अक्षतंतू, म्हणजे पेशीतून निघून संदेश दूरवर नेणारा लांब धागा, प्रयोगासाठी निवडला, कारण त्याची जाडी अर्ध्या मिलिमीटरपासून एका मिलिमीटरपर्यंत असते आणि त्याच्या आत तार सरकवता येते. १९३९ मध्ये त्यांनी धावत्या संदेशाचा विद्युतदाब पेशीच्या आतून मोजला. पाठोपाठ महायुद्धाने काम थांबले. आणि १९५२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधांत त्यांनी दाखवले की आवरणाचा विद्युतदाब एका ठराविक मर्यादेपलीकडे चढला की प्रथम सोडियमची वाट उघडते, आयन आत लोटतात, क्षणार्धात ती वाट बंद होते आणि पोटॅशियमची वाट उघडून पूर्वस्थिती येते. हे सगळे एक-दोन मिलिसेकंदांत घडते आणि त्यालाच क्रियाविभव म्हणतात. केंब्रिज विद्यापीठाचा संगणक तेव्हा फेरबदलांसाठी बंद असल्याने हक्सलीने ही समीकरणे हाताने दांडा फिरवून चालवायच्या गणनयंत्रावर सोडवली आणि कागदावर उमटलेली लाट प्रयोगात दिसलेल्या लाटेशी जुळली. या वाटा प्रत्यक्षात प्रथिनांच्या बनलेल्या असतात हे तेव्हा कोणी पाहिलेले नव्हते. एकेका वाटेतून जाणारा विद्युतप्रवाह मोजण्याचे तंत्र एर्विन नेहर व बर्ट साकमान यांनी १९७६ मध्ये आणले. दाढ काढण्यापूर्वी दंतवैद्य जे लिग्नोकेनचे इंजेक्शन देतात ते याच सोडियमच्या वाटा अडवते, म्हणून वेदनेचा संदेश मेंदूपर्यंत पोहोचत नाही.

वर्गात शिकलेले हे सर्व प्रयोगशाळेत एका दुपारी पारखून घ्यावे लागते. शरीरक्रियाशास्त्राच्या पारंपरिक प्रयोगात बेडकाच्या मांडीतून जाणारी सायॅटिक चेता, म्हणजे हजारो अक्षतंतूंचा पांढराशुभ्र जुडगा, काळजीपूर्वक सोडवून क्षारयुक्त द्रावणात ओली ठेवतात आणि एका छोट्या पेटीतल्या धातूच्या तारांवर आडवी ठेवतात. एका टोकाला विजेचा हलका झटका द्यायचा आणि दुसऱ्या टोकाला उमटणारी लाट पडद्यावर पाहायची, एवढाच प्रयोग. झटका अगदी मंद असताना पडद्यावर झटक्याची स्वतःची तीक्ष्ण रेघ तेवढी दिसते. तो किंचित वाढवला की तिच्यामागून एक छोटा उंचवटा उमटतो, आणखी वाढवला की उंचवटा मोठा होतो, आणि काही मर्यादेनंतर कितीही वाढवला तरी तो तेवढाच राहतो. येथे विद्यार्थी गोंधळतो, कारण आदल्याच आठवड्यात त्याने शिकलेले असते की क्रियाविभव घडतो तर पूर्ण घडतो, नाहीतर मुळीच घडत नाही. मग हा उंचवटा टप्प्याटप्प्याने कसा वाढला? उत्तर असे की पडद्यावर एका तंतूचा नव्हे तर जुडग्यातल्या सर्व तंतूंचा एकत्रित संदेश दिसतो. जाड तंतू मंद झटक्यानेही उत्तेजित होतात, बारीक तंतूंना जोरदार झटका लागतो, आणि प्रत्येक तंतूने आपला नियम पाळूनही बेरीज मात्र हळूहळू वाढते. मग दोन झटके जवळजवळ देऊन पाहतात. अंतर पुरेसे कमी केले की दुसरी लाट नाहीशी होते, कारण सोडियमच्या वाटा अद्याप पुन्हा उघडण्याच्या स्थितीत आलेल्या नसतात. मोजणाऱ्या तारांच्या दोन जागांमधले अंतर २० मिलिमीटर असेल आणि लाटेला तेवढे जाण्यास ०.८ मिलिसेकंद लागले असतील, तर वेग सेकंदाला २५ मीटर भरतो. द्रावण थंड केले की वेग घटतो. पाठ्यपुस्तकातल्या अनेक आकृत्यांनी जे पटत नाही ते या एका दुपारी पटते, आणि ज्या अभ्यासक्रमांत खर्चाच्या किंवा सोयीच्या कारणाने हा प्रयोग केवळ संगणकाच्या पडद्यावर करून दाखवला जातो, तेथे विद्यार्थ्याचे खरे नुकसान होते.

एका पेशीतला संदेश दुसरीकडे कसा जातो हा पुढचा प्रश्न. दोन चेतापेशींमध्ये सिनॅप्स नावाची सांध्याची जागा असते आणि बहुतेक सिनॅप्समध्ये एक सूक्ष्म फट असून तेथे विद्युतसंदेशाचे रूपांतर रासायनिक संदेशात होते. ऑटो लोवी याने १९२१ मध्ये बेडकाच्या एका हृदयाची चेता उद्दीपित करून त्याचे ठोके मंद केले, त्याच्याभोवतीचे द्रावण दुसऱ्या हृदयावर सोडले आणि तेही मंद झाले. चेता रसायन सोडते याचा हा सरळ पुरावा होता, आणि ते रसायन ॲसिटिलकोलीन असल्याचे पुढे ठरले. चेता आणि स्नायू यांच्या सांध्यावरही हेच रसायन काम करते. महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत ज्या सापाची मोठी दहशत आहे त्या मण्यारीचे विष हा सांधाच निकामी करते, म्हणून दंशाच्या जागी फारशी सूज नसतानाही माणसाच्या पापण्या मिटू लागतात, गिळता येत नाही, आणि श्वासाचे स्नायू थांबले तर जीव वाचवण्यासाठी सर्पविषावरील लशीबरोबर कृत्रिम श्वासोच्छ्वासाची गरज पडते. तैवानमधल्या मण्यारीच्या एका जातीच्या विषातून मिळवलेले बंगारोटॉक्सिन ॲसिटिलकोलीनच्या ग्राहकाला, म्हणजे ते रसायन ओळखणाऱ्या प्रथिनाला, घट्ट चिकटते. त्याच गुणाचा उपयोग करून संशोधकांनी तो ग्राहक वेगळा काढला. शिकताना सिनॅप्स कसा बदलतो याचा शोध एरिक कँडेल याने सुमारे वीस हजार चेतापेशी असलेल्या ॲप्लीशिया या समुद्री गोगलगाईत घेतला आणि २००० च्या नोबेलचा तो एक मानकरी ठरला.

डेव्हिसच्या पदवीच्या नावातले तिसरे पद, वर्तन, येथे येऊन मिळते. पक्ष्यांच्या गाण्याच्या अभ्यासाचा पाया घालणारा पीटर मार्लर १९८९ मध्ये डेव्हिसला आला. पांढऱ्या पट्ट्यांच्या डोक्याच्या कॅलिफोर्नियन चिमण्यांवर त्याने आधी केलेल्या कामात असे दिसले होते की प्रत्येक भागातल्या नरांच्या गाण्याची जणू स्वतंत्र बोली असते, आणि पिल्लाने आयुष्याच्या पहिल्या काही आठवड्यांत आपल्या जातीचे गाणे ऐकले नाही तर मोठेपणी त्याचे गाणे विपरीत होते. ठराविक काळातच होणाऱ्या या शिक्षणाला चेतापेशींच्या पातळीवरचे भावंड डेव्हिड ह्यूबेल व टॉर्स्टन वीझेल यांच्या प्रयोगांत सापडते. मांजराच्या पिल्लाचा एक डोळा जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यांत झाकून ठेवला, तर दृष्टीसाठी असलेल्या मेंदूच्या भागातल्या पेशी त्या डोळ्याकडे पाठ फिरवतात आणि डोळा उघडल्यावरही ती जोडणी फारशी सुधारत नाही. मोठ्या मांजरावर मात्र त्याचा असा परिणाम होत नाही. बाळाचा जन्मजात मोतीबिंदू लवकर काढावा असा आग्रह डॉक्टर धरतात त्यामागे हे ज्ञान आहे. अमेरिकेतल्या एमआयटीमधले संशोधक पवन सिन्हा यांनी भारतात सुरू केलेल्या प्रोजेक्ट प्रकाशमध्ये जन्मापासून दिसत नसलेल्या मुलांवर उशिरा शस्त्रक्रिया झाल्या, आणि त्यांतल्या अनेकांनी वस्तू व चेहरे ओळखण्यात जी प्रगती केली तिने काळाची ही मर्यादा आधी समजली गेली तितकी करडी नसावी असेही दाखवले. चांगला शिक्षक या दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवतो आणि विद्यार्थ्याला त्यांतला ताण सोडवण्यास सांगतो. उत्तर एकच असेल असे नाही.

पदवीच्या उत्तरार्धात बहुतेक होतकरू विद्यार्थी एखाद्या प्राध्यापकाच्या प्रयोगशाळेत काम मागतात. सुरुवातीचे काम उंदरांची नोंद ठेवणे, द्रावणे तयार करणे आणि सूक्ष्मदर्शकाच्या चित्रांतल्या पेशींवर खुणा करत बसणे असे कंटाळवाणे असते, पण विज्ञान कशाचे बनलेले असते ते येथेच कळते. २०२४ मध्ये प्रौढ फळमाशीच्या मेंदूतल्या सुमारे १ लाख ३९ हजार चेतापेशींचा संपूर्ण जोडणीनकाशा प्रसिद्ध झाला, तेव्हा यंत्राने केलेल्या चुका एकेक करून दुरुस्त करणाऱ्या शेकडो हातांचे श्रम त्यामागे होते. संख्याशास्त्र कशासाठी शिकलो तेही याच वेळी उमगते. तीन उंदरांतल्या तीनशे पेशी मोजल्या तर नमुना तीनशेचा धरायचा की तीनचा? एकाच उंदरातल्या पेशी एकमेकींसारख्या असतात, म्हणून त्या तीनशे स्वतंत्र पुरावे ठरत नाहीत. हा भेद न पाळल्याने कित्येक प्रसिद्ध निष्कर्ष डळमळीत ठरले आहेत.

या पदवीनंतरच्या वाटा अनेक आहेत. अमेरिकेत वैद्यकीय शिक्षण पदवीनंतर सुरू होते, त्यामुळे वर्गातला मोठा गट डॉक्टर किंवा पशुवैद्य होण्याच्या तयारीत असतो. काही जण औषधनिर्मिती किंवा आरोग्यसेवेकडे वळतात. आणि काही पाच-सहा वर्षांच्या पीएचडीकडे.

महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याला या विषयाची पदवी जवळपास फारशी मिळत नाही, परंतु विषय मात्र त्याच्या दारात आहे. होमी भाभांच्या निमंत्रणावरून ओबेद सिद्दीकी यांनी १९६२ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग सुरू केला. सत्तरच्या दशकात त्यांनी सेमूर बेंझर यांच्यासह, तापमान वाढताच लुळ्या पडणाऱ्या आणि गार होताच पुन्हा चालू लागणाऱ्या फळमाश्यांच्या चेतासंदेशांतले दोष तपासले आणि पुढे मुंबईतच फळमाशीच्या वास-चवीच्या आनुवंशिकीवर काम उभे केले. त्याच संस्थेत आज विदिता वैद्य यांची प्रयोगशाळा भावनांशी निगडित मेंदूमंडले आणि बालपणातल्या ताणाचे दूरगामी परिणाम यांचा अभ्यास करते. पुण्यातील आयसर या २००६ मध्ये सुरू झालेल्या संस्थेत चेताजीवशास्त्रावर काम करणाऱ्या प्रयोगशाळा आहेत, बंगळूरला निम्हान्स व भारतीय विज्ञान संस्था, तर हरियाणातील मानेसरला राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र आहे.

अडचण वेगळीच आहे, आणि ती अकरावीत सुरू होते. डॉक्टर व्हायचे ठरवलेला विद्यार्थी बहुधा पीसीबी, म्हणजे भौतिकी, रसायन आणि जीवशास्त्र, हा गट घेतो आणि गणिताला रामराम ठोकतो. नीट या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेत अपेक्षित क्रमांक लागला नाही की तो जीवशास्त्राच्या बीएस्सीला जातो आणि तेथे मेंदूची गोडी लागली तर हॉजकिन-हक्सलीची समीकरणे त्याला परक्या लिपीसारखी वाटतात. ही गळती विद्यार्थ्याच्या बुद्धीमुळे होत नाही, ती आपल्या गटवारीमुळे होते, आणि पालकांनी व शिक्षकांनी ती थांबवणे शक्य आहे. राज्य मंडळाच्या परीक्षेला गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घेता येतात. आयसरच्या प्रवेशपरीक्षेत भौतिकी, रसायन, गणित आणि जीवशास्त्र या चारही विषयांचे प्रश्न असतात. ज्याने गणित सोडले आहे त्यानेही बीएस्सीच्या पहिल्या वर्षापासून कॅल्क्युलस, संख्याशास्त्र आणि पायथॉनसारखी एखादी संगणकभाषा यांचा नेटाने अभ्यास केला तर तो मागे राहत नाही. परदेशी पदवीचा विचार करताना हेही ध्यानात घ्यावे की अमेरिकी सरकारी विद्यापीठांत परदेशी विद्यार्थ्याला पदवीसाठी आर्थिक साहाय्य फारच क्वचित मिळते, तर चेताजीवशास्त्राच्या पीएचडीला शुल्कमाफी आणि विद्यावेतन सर्वसाधारणपणे मिळते. म्हणून बेताच्या ऐपतीच्या घरातल्या विद्यार्थ्याने पदवी भारतातच करावी, उन्हाळ्याच्या सुट्टीत एखाद्या संशोधन संस्थेत प्रशिक्षणार्थी म्हणून काम मिळवावे, आणि डेव्हिस किंवा हार्वर्ड यांचा विचार पीएचडीच्या वेळी करावा.